दोन पिटुकले प्रोजेक्टर, एक पडदा: घरच्या घरी पॅसिव्ह थ्रीडी

दुडोळ्या

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे एकाच मॉडेलचे दोन छोटे एलईडी प्रोजेक्टर आहेत. डीएलपी (सूक्ष्म आरशांनी चित्र पाडणारे), १२८० × ७२०, खोक्यावर २०० ॲन्सी लुमेन लिहिलंय. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने (फुजीफिल्मचा तो २०१० चा डब्ल्यू३) काढलेले भरपूर फोटो आहेत आणि ते कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्याशा पडद्यावरच बघावे लागतात. बॅटरीवाले, उघडझाप करणारे ॲक्टिव्ह चष्मे मला नकोत. चार जण बसले की एकाचा चष्मा डिस्चार्ज झालेला असतोच.

तर बेत असा: दोन्ही प्रोजेक्टर एकावर एक ठेवायचे, एकाने डाव्या डोळ्याचं चित्र टाकायचं, दुसऱ्याने उजव्या. दोघांपुढे वेगवेगळे पोलरायझर (प्रकाशाच्या ठरावीक तऱ्हेच्या कंपनालाच वाट देणारे फिल्टर) आणि प्रेक्षकांना तशाच फिल्टरांचे साधे प्लास्टिकचे चष्मे.

प्रश्न: फिल्टर रेषीय (कंपन एका सरळ रेषेत) घ्यावेत की वर्तुळाकार (कंपन गोल फिरणारं)? पांढरी भिंत चालेल का? आणि एवढाल्या प्रोजेक्टरचा उजेड पुरेल का?

अर्धवर्तुळ

पांढरी भिंत चालणार नाही. बाकीच्या प्रश्नांकडे नंतर वळू, कारण पडदा चुकला तर फिल्टर कितीही भारी घ्या, दोन्ही डोळ्यांना दोन्ही चित्रं दिसणार.

पांढऱ्या रंगात प्रकाश नुसता पृष्ठभागावरून परतत नाही. तो आत शिरतो, रंगाच्या कणांमध्ये असंख्य वेळा आपटतो आणि मग बाहेर येतो. तोवर त्याच्या कंपनाची मूळ दिशा पार पुसली गेलेली असते. धातूवर मात्र एकदाच परावर्तन होतं आणि ध्रुवीकरण (कंपनाची ठरलेली दिशा) टिकतं. थ्रीडी थिएटरातला पडदा चंदेरी असतो तो याचसाठी.

खात्री करायची असेल तर आज रात्रीच करा. एका प्रोजेक्टरपुढे पोलरायझरचा तुकडा धरा, दुसरा तुकडा डोळ्यापुढे धरून हळूहळू फिरवा. भिंतीवरचा उजेड फारसा बदलणार नाही. मग भिंतीला ॲल्युमिनियम रंग दिलेला एखादा पत्रा टेकवा आणि पुन्हा फिरवा. पत्र्यावरचं चित्र एका कोनाला जवळजवळ विझेल, भिंतीवरचं तसंच राहील.

तिरपी_रेघ

+१. एक भर घालतो: चंदेरी दिसणारा प्रत्येक रंग धातूचा नसतो. काहींमधली चमक अभ्रकाची असते. डब्यावर ॲल्युमिनियम पूड असल्याचं स्पष्ट लिहिलेलं बघा, आणि आधी हातभर फळीवर लावून वरची परीक्षा घ्या. आख्खा पडदा रंगवून मग रडण्यात अर्थ नाही.

दुडोळ्या, तुमचे डीएलपी आहेत हे नक्की ना? छोट्या प्रोजेक्टरांच्या खोक्यांवर काहीही छापलेलं असतं. पोलरायझर भिंगापुढे धरून गोल फिरवा. उजेड सगळ्या कोनांना सारखाच राहिला तर डीएलपी. एका कोनाला काळोख झाला तर आत एलसीडी (द्रवस्फटिकाची पट्टी) आहे. आणि चित्र कधी हिरवं, कधी जांभळट व्हायला लागलं तर तीन पट्ट्यांचा एलसीडी (लाल, हिरवा, निळा यांना वेगवेगळी पट्टी).

काजवा

उजेडाचं गणित मी करतो, मला त्यात मजा येते.

डीएलपीचा प्रकाश ध्रुवित नसतो, त्यामुळे पोलरायझर निम्म्याहून जास्त खातो. साधारण ४० टक्के पार होतात असं धरा. २०० चे उरले ८०. चष्म्याच्या काचेतून जुळत्या दिशेचा प्रकाशही सगळा येत नाही, ८० टक्के धरू. उरले ६४. चित्र १.३३ मीटर रुंद ठेवलंत तर क्षेत्रफळ बरोबर १ चौरस मीटर. चंदेरी पडद्याचा गेन (साध्या पांढऱ्या पडद्याच्या किती पट उजळ) २ धरला तर डोळ्यापर्यंत ६४ × २ ÷ ३.१४, म्हणजे ४० निटच्या (निट हे पडद्याच्या उजळपणाचं माप) आसपास पोहोचतात.

थिएटरात साध्या चित्रपटासाठी ४८ निट हे प्रमाण मानतात आणि थ्रीडीत १५ च्या आसपास भागवतात. म्हणजे १.३३ मीटरला तुम्ही थिएटरातल्या थ्रीडीपेक्षा दुपटीहून उजळ आहात. दोन मीटर रुंद केलंत तर १८ निट. तरीही बरं.

हे सगळं ते २०० लुमेन खरे असतील तर! पडद्यावर नऊ ठिकाणी मोजून सरासरी काढतात ते ॲन्सी लुमेन. खोक्यावर नुसतंच 'लुमेन' असेल तर तो आकडा कवितेत जमा करावा. (कृपया हलके घ्या.)

दुडोळ्या

सर्वांचे आभार. पोलरायझर फिरवून पाहिला, उजेड बदलत नाही, रंगही नाही. डीएलपीच आहेत. भिंतीची परीक्षाही अर्धवर्तुळ म्हणाले तशीच निघाली: भिंतीवर ढिम्म फरक नाही, रंगवलेल्या पत्र्यावर चित्र विझतं. पडदा करायचा हे ठरलं.

आता रेषीय की वर्तुळाकार?

अर्धवर्तुळ

रेषीय. स्वस्त, सोपे, आणि ९० अंशांत ठेवले की गळती (एका डोळ्याचं चित्र दुसऱ्यात झिरपणं) फारच कमी. दोन फिल्टर ४५ आणि १३५ अंशांवर लावा, तसेच चष्मे घ्या.

तिरपी_रेघ

इथे माझा विरोध नोंदवा. रेषीयमध्ये मान तिरकी केली की संपलं. हिशेब सोपा आहे, गळती कोनाच्या साइनच्या वर्गाइतकी. ५ अंशांना पाऊण टक्का, १० अंशांना ३ टक्के. ३ टक्के ऐकायला कमी वाटतात, पण काळ्या आकाशात पांढरा दिवा असेल तर त्याचं भूत शेजारी स्पष्ट उभं राहतं. सोफ्यावर लोळून बघणाऱ्यांना १० अंश म्हणजे काहीच नाही. वर्तुळाकारमध्ये मान कशीही करा, गळती वाढत नाही.

अर्धवर्तुळ

मान तिरकी केली की दोन प्रतिमांमध्ये उभा फरक पडतोच, फिल्टर कुठलाही असो. डोळ्यांना तो जुळवता येत नाही. म्हणजे लोळून बघणाऱ्याला वर्तुळाकारमध्येही सुख नाही, फक्त भूत दिसत नाही. शिवाय वर्तुळाकार फिल्टरमधली पाव-लहर फिल्म (सरळ कंपनाला गोल करणारा थर) एकाच तरंगलांबीला तंतोतंत बसते, बहुधा मधल्या हिरव्याला. दोन टोकांच्या लाल-निळ्याला ती थोडी चुकते, आणि तिथून जांभळट गळती होते. मान सरळ असताना रेषीयच जिंकतो.

तिरपी_रेघ

सरळ मानेचे प्रेक्षक तुम्हालाच लखलाभ.

काजवा

भांडण मजेशीर आहे, पण दुडोळ्यांच्या बाबतीत एक वेगळाच मुद्दा आहे. प्रोजेक्टर छोटे, म्हणजे भिंगंही छोटी. चष्म्याची एक काच भिंगाला पुरून उरते! म्हणजे वेगळे फिल्टर घ्यायलाच नकोत. थिएटरातले जुने वर्तुळाकार चष्मे पडलेले असतील तर त्यांचीच काच सोडवून प्रोजेक्टरपुढे लावता येईल. मोठ्या प्रोजेक्टरवाल्यांना ही चैन नाही.

फक्त बाजू उलटी लावू नका. या काचेत दोन थर असतात: डोळ्याकडे रेषीय पोलरायझर आणि बाहेरच्या अंगाला पाव-लहर फिल्म. प्रोजेक्टरचा प्रकाश आधी रेषीय थरातून जाऊन पाव-लहर फिल्ममधून बाहेर पडायला हवा. म्हणजे प्रोजेक्टरलाच चष्मा घातलाय असं समजून लावा, बाहेरची बाजू पडद्याकडे.

आणि गंमत ही की चंदेरी पडद्यावरून परतताना वर्तुळाची दिशा उलटते. डावी काच लावलेल्या प्रोजेक्टरचं चित्र प्रेक्षकाला उजव्या काचेतून दिसेल. तेव्हा डाव्या चित्राच्या प्रोजेक्टरला उजवी काच.

दुडोळ्या

काजवा, हे फारच उपयोगी! माझ्याकडे एका खोक्यात सात-आठ चष्मे आहेत, पण ते रेषीय आहेत की वर्तुळाकार तेच कळत नाही. सगळे सारखेच काळपट.

काजवा

आरशापुढे उभे राहा. चष्मा घाला, एक डोळा मिटा आणि आरशातल्या आपल्या चष्म्याकडे बघा.

उघड्या डोळ्याची काच काळी कुळकुळीत दिसली आणि मिटलेल्या डोळ्याची पारदर्शक, तर वर्तुळाकार. उलट असेल, म्हणजे उघडा डोळा स्वतःला पाहू शकत असेल आणि मिटलेला अंधारात, तर रेषीय. वर सांगितलेली दिशा उलटण्याची भानगड आरशात अशी डोळ्यांनी दिसते.

दुडोळ्या

हे भन्नाट आहे. खोक्यात दोन्ही जाती निघाल्या! वर्तुळाकार जास्त आहेत, त्यामुळे तिरपी_रेघ जिंकले असं जाहीर करतो. (अर्धवर्तुळ, राग नसावा. तुमच्या आयडीत वर्तुळ आहेच की.)

करवत

धागा उशिरा पाहिला. कुणी स्टँडबद्दल बोलेल म्हणून वाट पाहत होतो, कुणीच बोललं नाही. खरी मेहनत तिथेच आहे.

दोन प्रोजेक्टर एकावर एक ठेवले की भिंगांमध्ये समजा १२ सेंमी अंतर पडतं. सगळे काय करतात? वरचा किंचित खाली वाकवतात, दोन्ही चौकटी एकावर एक आणतात आणि मग कीस्टोनचं बटण दाबत बसतात. असं करू नका. २ मीटर अंतरावरून १२ सेंमी भरून काढायला साडेतीन अंशांच्या आसपास वाकवावं लागतं. त्याने चौकटीच्या वरच्या आणि खालच्या रुंदीत दोनेक टक्के फरक पडतो, १२८० मध्ये तो जवळजवळ ३० पिक्सेल. मध्यभागी चित्र जुळेल, कोपऱ्यात फाटेल. डिजिटल कीस्टोनने चौकट सरळ होते, पण पिक्सेल पुन्हा मळून थापले जातात आणि बारीक तपशील जातो.

त्यापेक्षा दोन्ही प्रोजेक्टर अगदी समांतर ठेवा, वाकवूच नका. पडद्यावर दोन चौकटी १२ सेंमी वरखाली पडतील, पडू द्या. दोन्हींचा आकार तर हुबेहूब सारखा असेल! मग वरच्या प्रोजेक्टरमधलं चित्र सॉफ्टवेअरमध्ये खाली सरकवा, खालच्यातलं वर. १.३३ मीटर रुंदीला १२ सेंमी म्हणजे ११५ पिक्सेल. २.३९ : १ प्रमाणाच्या रुंद चित्रपटाला ७२० पैकी १८४ ओळी तशाही काळ्याच असतात, म्हणजे ही सोय फुकटात झाली. फोटोंना मात्र वरखाली कात्री लागेल.

मोठ्या धुडांमध्ये भिंगांचं अंतर इतकं असतं की हा उपाय परवडत नाही. छोट्यांनाच जमतो.

तिरपी_रेघ

वा, करवत! हे मी कधी असं मांडून पाहिलं नव्हतं.

करवत

बांधणी सांगतो. प्लायचे दोन कप्पे, खालचा पक्का. वरच्या कप्प्याची फळी तीन बोल्टांवर उभी करा: पुढे दोन, मागे एक. तीनच, कारण चार पायांवर एक पाय नेहमी हवेत राहतो. बोल्ट एम६ चा घेतलात तर एका पूर्ण फेऱ्याला फळी १ मिमी सरकते, पाव फेरा म्हणजे पाव मिमी. फळी आणि बोल्टाच्या नटामध्ये स्प्रिंग घाला म्हणजे खेळ राहत नाही. प्रोजेक्टरच्या बुडाला तिपाईचं भोक असेलच, त्यातूनच आवळा. नुसता ठेवलेला प्रोजेक्टर पंख्याच्या थरथरीने तासाभरात हलतो.

फिल्टरचा कंस भिंगापासून ३-४ सेंमी पुढे, आणि प्रोजेक्टरला नको, फळीला जोडा. फिल्टर अडवलेला प्रकाश उष्णता म्हणून पचवतो. एलईडीच्या छोट्या प्रोजेक्टरला फार त्रास नाही, पण प्लास्टिकची फिल्म भिंगाला चिकटवली की तिला पोक येतं. आणि गरम हवेच्या जाळीसमोर तर मुळीच नको.

रात्रपाळी

वाचतोय. दोन्ही प्रोजेक्टरना चित्र एकाच वेळी कसं पोहोचवायचं? माझ्या मनात दोन पेनड्राइव्ह दोन प्रोजेक्टरांना लावून एकदम 'प्ले' दाबायचं होतं.

अर्धवर्तुळ

फोटोंना चालेल, व्हिडिओला नाही. दोन स्वतंत्र घड्याळं सरकत जातात आणि एका फ्रेमचा फरकही हलत्या गोष्टींना भलत्याच खोलीवर नेऊन ठेवतो. चेंडू डावीकडे जाताना पडद्याच्या पुढे, उजवीकडे जाताना मागे.

एकच संगणक, दोन एचडीएमआय, डेस्कटॉप दोन्हींवर पसरवलेला: २५६० × ७२०. शेजारी-शेजारी मांडलेली फाइल पूर्ण पडदाभर लावली की डावा अर्धा एका प्रोजेक्टरला, उजवा दुसऱ्याला. लिनक्सवर बिनो, विंडोजवर फोटोंसाठी स्टिरिओफोटो मेकर. फाइलची मांडणी बदलायची असेल तर एफएफएमपेगमध्ये स्टिरिओथ्रीडी नावाचा फिल्टर आहे. दोन प्रोजेक्टर एकाच मॉडेलचे असण्याचा फायदा इथे होतो, दोघांचा उशीर सारखा असतो. 'चित्र सुधारणा'छाप सगळ्या सेटिंग दोघांवरही बंद ठेवा.

दुडोळ्या

अपडेट! पडदा तयार आहे. गुळगुळीत फळीवर फवाऱ्याने पातळ थर दिले. पहिल्या फळीवर रोलर वापरून पाहिला होता, तिच्यावर पट्टे दिसतात, ती आता परीक्षेपुरती.

जाळीचं चित्र टाकून जुळवलं. डाव्याला लाल रेघा, उजव्याला निळसर हिरव्या, जिथे पांढरं दिसेल तिथे जुळलं. मध्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळीकडे एका पिक्सेलच्या आत आहे. करवत यांचा समांतर उपाय चोख.

फोटो जिवंत झालेत. एका फोटोत पुढे झाडाची फांदी आहे, आमच्याकडच्या छोट्याने ती पकडायला हात पुढे केला.

दोन तक्रारी. एक, मधोमध उजेडाचा गोळा दिसतो आणि कडेला बसणाऱ्याला चित्र अंधारं. दोन, काही फोटोंत लांबचे डोंगर बघताना डोळे ओढल्यासारखे होतात. तेच फोटो कॅमेऱ्यावर छान वाटतात.

काजवा

दुसरी तक्रार आधी, ती डोळ्यांची आहे.

दोन डोळ्यांत सरासरी ६३ मिमी अंतर असतं. अनंतावरची वस्तू बघताना दोघांच्या नजरा समांतर होतात. पडद्यावर एखाद्या डोंगराची डावी आणि उजवी प्रतिमा ६३ मिमीपेक्षा दूर पडली तर डोळ्यांना बाहेरच्या बाजूला फाकावं लागतं, आणि ते काम त्यांनी आयुष्यात कधी केलेलं नसतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तेच अंतर दोन-चार मिमी होतं, म्हणून तिथे त्रास नाही.

तुमच्या १.३३ मीटर पडद्यावर एक पिक्सेल १.०४ मिमी, म्हणजे मर्यादा ६० पिक्सेल. मुलांच्या डोळ्यांतलं अंतर कमी असतं, तेव्हा ५० च्या आत ठेवा. स्टिरिओफोटो मेकरमध्ये दोन चित्रं आडवी सरकवून सगळ्यात लांबची वस्तू या मर्यादेत आणा. पुढची वस्तू त्यामुळे पडद्याच्या आणखी पुढे येईल. फार पुढे आली आणि चौकटीच्या कडेला कापली गेली तर तो फोटो मोठ्या पडद्याचा नाही, सोडून द्या. उद्या पडदा दोन मीटर केलात तर मर्यादा ४० पिक्सेलवर येईल आणि सगळं पुन्हा करावं लागेल, हेही ध्यानात असू द्या.

अर्धवर्तुळ

उजेडाचा गोळा हा चंदेरी पडद्याचा स्वभाव आहे. गेन मिळतो तो कुणाच्या तरी वाट्याचा काढूनच. प्रोजेक्टर लांब नेता आले तर गोळा सौम्य होतो, पण तुमच्या प्रोजेक्टरला झूम नसेल तर चित्र मोठं होईल. प्रेक्षकांना बाजूला पसरवण्यापेक्षा एकामागे एक बसवा. गोळा अगदीच खुपत असेल तर चित्राचा मधला भाग सॉफ्टवेअरने थोडा काळवंडता येतो. मी करणार नाही, आधीच उजेडाची काटकसर आहे.

गळती मोजलीत का? डाव्याला पूर्ण पांढरं चित्र, उजव्याचं भिंग झाका. फोन पडद्यासमोर पक्का ठेवा, कॅमेऱ्याचं सगळं हाताने ठरवा, आणि डाव्या काचेतून एक, उजव्या काचेतून एक असे फोटो काढा. उजव्या काचेतून शटर इतका लांबवा की दोन्ही फोटो सारखेच उजळ दिसतील. डावीकडे १/२०० आणि उजवीकडे १/४ लागला तर गुणोत्तर ५० ला १. फोटोंना ते चालून जातं.

दुडोळ्या

मोजलं. १/२०० ला १/३ लागला, म्हणजे ६६ ला १ च्या आसपास. कडेला जरा कमी, तिथे जांभळट छटा दिसते. अर्धवर्तुळ, तुमची लाल-निळ्याची गळती हीच ना?

अर्धवर्तुळ

हीच. रेषीय घ्या म्हणालो होतो.

रात्रपाळी

माझ्याकडे दोन छोटे प्रोजेक्टर आहेत, पण एका पट्टीचे एलसीडी. तिरपी_रेघ यांची परीक्षा केली, एका कोनाला पूर्ण काळोख होतो. मग माझं काम बिघडलं का?

तिरपी_रेघ

उलट सुधारलं. तुमचा प्रकाश आधीच ध्रुवित आहे. वर्तुळाकार काच लावा आणि सर्वात जास्त उजेड येईल त्या कोनाला फिरवून पक्की करा. वर्तुळाकारमध्ये काच कुठल्याही कोनात असली तरी बाहेर पडणारा प्रकाश तोच, त्यामुळे फिरवायला पूर्ण मोकळीक. डीएलपीवाल्यांचा निम्म्याहून जास्त उजेड फिल्टरमध्ये जातो, तुमचा त्या मानाने फारच थोडा जाईल. रेषीय चष्म्यांबरोबर ही सूट मिळाली नसती, तिथे फिल्टरचा कोन चष्मा ठरवतो.

तीन पट्ट्यांच्या एलसीडीत मात्र बहुतेक वेळा हिरवा प्रकाश लाल-निळ्याच्या काटकोनात येतो. तिथे मधला ४५ अंश पकडून सगळ्या रंगांचा निम्मा उजेड सोडण्यावाचून साधा मार्ग नाही. तुमचं तसं नाही.

रात्रपाळी

हुश्श. आणखी एक: माझ्या खोलीत प्रेक्षकांच्या मागे जागाच नाही. पडद्यामागून चित्र टाकलं तर? मग रंग नको, राखाडी रिअर फिल्म आणेन.

काजवा

चालेल, आधी तुकड्यावर अर्धवर्तुळांची परीक्षा घ्या, या वेळी आरपार बघून. काही फिल्म ध्रुवीकरण राखतात, काही पार घालवतात. दोन्ही प्रोजेक्टरवर चित्र आडवं उलटं करायचं. आणि मी वर काचांची जी अदलाबदल सांगितली ती तुम्हाला लागू नाही: पडद्यावरून परावर्तनच नाही, त्यामुळे वर्तुळाकार असतील तर डाव्या चित्राला डावीच काच. रेषीय वापरलेत तर मात्र उलट. प्रोजेक्टर तुमच्याकडे तोंड करून असल्याने त्याची डावीकडे झुकलेली रेघ तुम्हाला उजवीकडे झुकलेली दिसते, तेव्हा तिथे अदलाबदल हवी.

करवत

आणि मागून टाकणार असाल तर फिल्म चौकटीवर ताणून बसवा, चारही बाजूंनी. नुसती वरून लोंबती सोडलीत तर पंखा लावला की जुळवलेलं सगळं हलेल. चौकटीचं माप कळवा, लाकडाची जाडी सांगतो.